मुरणं, मिसळणं आणि मुलामा

एखाद्या गोष्टीची चव तिची स्वतःची कधी म्हणायची आणि उसनी कधी? एरवी हा प्रश्न आपण माणसांबद्दल विचारतो. अमक्याची हुशारी त्याची की घरच्या वातावरणाची, तमकीचं इंग्रजी तिचं की शाळेचं, कुणाचं यश त्याचं की शेवटच्या नोकरीचं. माणसांच्या बाबतीत या चर्चेतून फारसं काही निघत नाही, कारण दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात आणि कुणीच मागे हटत नाही. म्हणून मी हा प्रश्न व्हिस्कीच्या निमित्ताने घेतो आहे. व्हिस्कीच्या बाबतीत भांडं डोळ्यांना दिसतं, त्याचं माप ठरलेलं असतं, ती त्यात किती काळ होती याची नोंद असते, आणि तिच्यातलं काय कुठून आलं हे रसायनशास्त्राला बऱ्याच अंशी सांगता येतं.

एक खुलासा आधीच करतो. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्याचं कायदेशीर वय पंचवीस आहे आणि वर परवाना लागतो. त्या हिशेबाने माझी आणि व्हिस्कीची ओळख जेमतेम तीन वर्षांची. स्कॉचलाही स्कॉच म्हणवून घेण्यासाठी ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात, तेव्हा बोलण्यापुरता हक्क मला नुकताच मिळाला आहे असं समजू. कुणी प्यावी असा माझा आग्रह नाही. जो पीत नाही त्यालाही हा प्रश्न तितकाच लागू आहे, हे पुढे दिसेलच.

*

मोड आणलेले जव भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोड काढा करायचा, तो आंबवायचा आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून त्याची वाफ थंड करायची. हाती येतं ते पाण्यासारखं रंगहीन असतं. त्याला चव नसते असं नाही. जवाची, यीस्टची, वाफ किती वर चढू दिली याची अशी स्वतःची चव त्याला असते. पण ज्याला आपण व्हिस्कीचा रंग म्हणतो तो अजून आलेला नसतो, आणि ज्याला व्हिस्कीची चव म्हणतो तिचा मोठा भागही. ते काम लाकडाचं.

ओकच्या फळ्या आगीवर वाकवून पिंप बांधतात आणि ते आतून भाजतात किंवा जाळतात. उष्णतेने लाकडातलं लिग्निन तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं, म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमला जो वास असतो तो. ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्यासारखा वास येतो. जळालेला थर कोळशासारखा वागतो आणि नव्या दारूतले गंधकाचे उग्र वास ओढून घेतो. हवा तापली की दारू फुगून लाकडात शिरते, निवली की परत बाहेर येते, येताना काहीतरी घेऊन येते. लाकडातून थोडी हवाही आत येत असते आणि तिच्यामुळे आतली संयुगं हळूहळू बदलत राहतात. मराठीत या सगळ्याला एक सुंदर क्रियापद आहे: मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, आणि राजकारणात माणूस मुरतो.

अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन ही नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच ठेवावी लागते. त्यामुळे तिथलं पिंप बर्बनसाठी एकदाच उपयोगी पडतं. मग ते विकलं जातं आणि स्कॉटलंडला, गोव्याला, बंगळुरूला येतं. जगातल्या बहुतेक सिंगल माल्टचा पाया असा दुसऱ्याने वापरून सोडलेल्या पिंपांवर उभा आहे.

आता फिनिश. काही वर्षं बर्बनच्या पिंपात काढलेली व्हिस्की शेवटचे काही महिने, क्वचित दोनेक वर्षं, दुसऱ्या पिंपात ओततात. त्या पिंपात आधी शेरी असते, किंवा पोर्ट, रम, रेड वाइन. १९८०च्या दशकात बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी हे प्रयोग पद्धतशीरपणे केले आणि १९९३ साली त्यांची 'डबलवुड' बाजारात आली: आधी बर्बनचं पिंप, मग साधारण नऊ महिने शेरीचं. आज ही पद्धत सगळीकडे आहे. २०१९ साली स्कॉच व्हिस्कीच्या नियमांत मान्य पिंपांची यादी वाढवली गेली आणि टकीला, मेझकल यांच्या पिंपांनाही वाट मोकळी झाली.

चवीत फरक काय पडतो? नुसत्या बर्बनच्या पिंपातली व्हिस्की मला मध, खोबरं, केळ्याचं वेफर या बाजूची लागते. ओलोरोसो शेरीच्या पिंपातून आलेली असेल तर मनुका, अक्रोड, किंचित चिंच. पेद्रो हिमेनेझ या गोड शेरीचं पिंप असेल तर खजूर आणि काकवी. पोर्टच्या पिंपातून जांभळाचा तुरटपणा आणि लालसर झाक येते. रमच्या पिंपातून गुळाच्या ढेपेचा वास. अंधेरीतल्या एका मित्राच्या घरी आम्ही डोळे झाकून वास ओळखण्याचा खेळ खेळतो, त्यात पाचातल्या चार वेळा शेरी लगेच ओळखू येते. तीच अडचण आहे. चार-पाच वर्षं बर्बनच्या पिंपात गेली, नऊ महिने शेरीच्या, आणि ओळख सांगितली जाते ती शेरीची. बाटलीवरही मोठ्या अक्षरांत तेच असतं.

*

भांड्याची चव पदार्थात उतरणं चांगलं की वाईट, याबद्दल आपल्या स्वयंपाकघराचं मत एकेकाळी अगदी स्पष्ट होतं. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते. भांडं पदार्थात उतरणं हा तिथे दोष होता. तो टाळायला कल्हई करायची. आमच्या बोरिवलीच्या जुन्या चाळींतून कल्हईवाला फिरायचा असं आई सांगते. कल्हई हा मुलामाच, पण प्रामाणिक मुलामा. भांडं चांदीचं आहे असं ती सांगत नाही. भांड्याने आपलं पितळपण स्वतःपाशी ठेवावं, एवढीच तिची सोय.

याच स्वयंपाकघरात उलट उदाहरणंही होती. नव्या माठातलं मातकट पाणी आपल्याला आवडतं. विरजण मडक्यात लावलं की दही वेगळं लागतं. लोखंडी कढईतली भाजी काळपट होते आणि त्यासाठीच ती त्या कढईत करतात. म्हणजे भांड्याचा गुण घ्यायचा की टाळायचा हे पदार्थागणिक ठरवलेलं होतं.

या ठरवण्यामागचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अन्नाचा परिणाम कशाकशावर अवलंबून असतो याची आठ कलमं दिली आहेत. पहिलं प्रकृती, म्हणजे द्रव्याचा जन्मजात गुण. दुसरं करण, म्हणजे संस्कार. तिसरं संयोग, म्हणजे दोन किंवा अधिक द्रव्यांचं एकत्र येणं. संस्कार म्हणजे द्रव्यात मुळात नसलेला गुण आणणं, असा अर्थ तिथे दिला आहे. तो कशाकशाने आणता येतो याच्या यादीत पाणी आहे, अग्नी आहे, घुसळणं आहे, जागा आहे, दीर्घ काळ आहे आणि भांडंही आहे. ओकचं पिंप आणि गोदामातला उन्हाळा या दोन्हींना त्या यादीत जागा आहे.

मला यात सर्वांत उपयोगाचं वाटतं ते संस्कार आणि संयोग यांना वेगळं ठेवणं. आपण बोलताना दोन्ही एकच धरतो. व्हिस्कीच्या पिंपात मात्र ते वेगवेगळे दिसतात. पाचशे लिटरच्या शेरीच्या पिंपातून शेरी काढून टाकली तरी फळ्यांमध्ये काही लिटर शेरी मुरून राहिलेली असते. त्यात व्हिस्की ओतली की पहिल्या काही महिन्यांत जे घडतं त्यातला बराच भाग सरळ मिसळण्याचा असतो. लाकडातली शेरी बाहेर येते, व्हिस्कीत उतरते. हा संयोग. व्हिस्की त्याच पिंपात वर्षानुवर्षं राहिली तर लाकूड तुटत जातं, हवा आत येते, आम्लं आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर बनतात, आणि जे तयार होतं ते ना शेरीत होतं ना दारूत. हा संस्कार. दोहोंमधली रेघ काटेकोर नाही, पण दोन टोकं खरी आहेत.

आणि चरकाच्या मांडणीत संयोगाला कमी लेखलेलं नाही. दोन द्रव्यं एकत्र आली की एकेकट्यात नसलेला परिणाम दिसू शकतो, हे तिथे मान्य आहे. त्यामुळे कमी काळाचं फिनिश खोटं आणि दीर्घ मुरणं खरं, असा सोपा निकाल मला देता येत नाही. खोटेपणा कुठे येतो ते वेगळीकडे शोधायला हवं.

*

आपल्याकडची उदाहरणं पाहू. बंगळुरूची अमृत डिस्टिलरी १९४८ सालची, जगदाळे कुटुंबाची. आडनाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं. त्यांची सिंगल माल्ट २००४ साली पहिल्यांदा विकायला ठेवली ती ग्लासगोत, म्हणजे गवयाच्या घरी जाऊन गायचं तसं. पुढे 'अमृत फ्यूजन' आली. भारतीय जवाची व्हिस्की आणि पीटचा धूर दिलेल्या स्कॉटिश जवाची व्हिस्की यांचा तो मेळ. जिम मरे यांच्या २०१०च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये तिला जगात तिसरं स्थान मिळालं. मला तिचं नाव आवडतं. हा संयोग आहे हे ती नावातच सांगून मोकळी होते.

दुसरं उदाहरण दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीचं. तिथे पॉल जॉन सिंगल माल्ट तयार होते आणि २०१२ साली ती बाजारात आली. गोव्याच्या हवेत दर वर्षी पिंपातली सुमारे ८ टक्के दारू उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. या उडून जाणाऱ्या भागाला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे हिशेब करून पाहिला. दर वर्षी २ टक्के गेले तर बारा वर्षांनी पिंपात ७८ टक्के उरतात. दर वर्षी ८ टक्के गेले तर पाच वर्षांतच ६६ उरतात आणि बारा वर्षांनी ३७. बंगळुरूत वाटा याहून मोठा असतो, म्हणून अमृतने आपल्या एका जुन्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं. बाटलीवर मोठा आकडा छापायचा तर इथे पिंप रिकामं होण्याची वेळ येते.

म्हणून भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर बहुधा वयाचा आकडाच नसतो. वय हे मुरण्याचं माप आहे असं ज्यांनी ठरवलं ते थंड हवेत राहणारे होते. त्या मापाने गोव्याची पाच वर्षांची व्हिस्की कोवळी ठरते, पण उष्णतेत लाकूड आणि दारू यांचा व्यवहार जलद होतो आणि ती तशी लागत नाही. 'अनुभव किमान आठ वर्षं' असं नोकरीच्या जाहिरातीत छापणाऱ्यांनी हे एकदा वाचायला हवं. वर्षं सारखी असली तरी ती कुठल्या तापमानाला काढली यावर बरंच अवलंबून असतं.

तिसरं उदाहरण रामपूरच्या 'आसव'चं. उत्तर प्रदेशातल्या या डिस्टिलरीने बर्बनच्या पिंपात मुरलेल्या माल्टला काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या भारतीय वाइनच्या पिंपाचं फिनिश दिलं आणि नाव ठेवलं आसव. आपल्याला आसव म्हटलं की द्राक्षासवाची तपकिरी बाटली आठवते. गंमत म्हणजे आसव-अरिष्टं आंबवण्याच्या भांड्याला आतून तूप चोळण्याची रीत आयुर्वेदात आहे. भांडं तयार करून मग त्यात द्रव्य घालायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

आणि या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला गोव्याचीच फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती परंपरेने काचेच्या मोठ्या गराफांवात ठेवतात. काच काही देत नाही आणि काही घेत नाही. तेव्हा फेणी ही अस्सल, कुणाचं काही उसनं न घेतलेली, असं म्हणावंसं वाटतं. पण काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. म्हणजे भांड्याकडून काही घेतलं नाही तरी मूळच समुद्रापलीकडचं. निव्वळ प्रकृती, कुठलाही संस्कार नसलेली, अशी चव शोधायला गेलो तर ती काचेच्या बाटलीतही सापडत नाही.

*

चव कुणाकडून तरी घेतलेलीच असते, हे एकदा मान्य केलं की प्रश्न उरतो सांगण्याचा. इथे शेरीच्या पिंपाची गोष्ट मजेशीर आहे.

पूर्वी स्पेनमधून शेरी लाकडी पिंपांतून ब्रिटनला जायची. तिकडे ती बाटल्यांत भरली की पिंपं रिकामी पडायची, आणि काटकसरी स्कॉटिश लोक त्यात व्हिस्की भरायचे. शेरीची चव हा त्या काटकसरीचा उपफायदा होता. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं सक्तीचं झालं आणि ही पिंपं येणं थांबलं. पण तोवर लोकांना त्या चवीची सवय लागली होती. मग उलटा धंदा सुरू झाला. आज शेरीचं पिंप म्हणून जे मिळतं ते बहुधा व्हिस्कीवाल्यांच्या मागणीनुसारच बांधलेलं असतं. नवं पिंप करायचं, त्यात साधारण एक-दोन वर्षं शेरी ठेवायची, मग ती काढून पिंप विकायचं. त्या शेरीचा पुन्हा पुन्हा याच कामाला उपयोग करतात, किंवा तिचं व्हिनेगर होतं, ब्रँडी होते. पिण्याची शेरी ज्या जुन्या पिंपांत खरोखर मुरते ती पिंपं सहसा विकायला निघतच नाहीत.

म्हणजे ज्या भूतकाळाची चव आपण कौतुकाने घेतो, तो भूतकाळ ऑर्डर देऊन बनवलेला असतो.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते उपनगरातले संस्कार वर्ग. मुलुंड, बोरिवली, पार्ले, जिथे जिथे मराठी सोसायट्या आहेत तिथे मे महिन्यात हे वर्ग भरतात. शुभंकरोती, रामरक्षा, मनाचे श्लोक, एखादी लेझीम. आजीच्या मांडीवर बसून दहा वर्षांत जे नकळत मुरायचं ते इथे दोन महिन्यांत मुलात उतरवायचं असतं, कारण आजी गावी आहे किंवा मालिका बघते आहे. मला त्याची टिंगल करायची नाही. मी त्या वर्गांत गेलो आहे आणि मला आजही रामरक्षा पाठ आहे. पिंप मुद्दाम तयार केलेलं असलं तरी त्यातली शेरी खरीच असते. रसायनशास्त्र हेतू विचारत नाही.

मग खटकतं काय? खटकतं ते पुढचं वाक्य: 'आमच्या घरात पहिल्यापासून असंच वातावरण आहे.' दोन महिन्यांच्या संयोगाला पिढ्यांचा संस्कार म्हणून सांगणं. स्थळाच्या जाहिरातीतलं 'सुसंस्कृत घराणं' पुष्कळदा याच प्रकारचं असतं. मुलामा भांड्यात नसतो आणि पदार्थातही नसतो. तो या वाक्यात असतो.

याची किंमत कोण देतं हे मला कामाच्या ठिकाणी दिसतं. मी काम करतो तिथे मुलाखतींच्या वेळी पॅनेलवर बसावं लागतं. मध्यंतरी एका मुलीचा अर्ज आला. तिने साडेचार वर्षं एका सहकारी बँकेची जुनी सॉफ्टवेअर प्रणाली सांभाळली होती. रात्री बारा वाजता व्याजाची आकारणी अडकली तर ती सोडवायची, कुणी कागदपत्रं न ठेवलेला वीस वर्षं जुना कोड वाचायचा, आणि मॅनेजरला मराठीत समजावून सांगायचं. त्यानंतर सात महिने ती एका नामांकित कंपनीत होती. अर्जाच्या पहिल्या ओळीत त्या नामांकित कंपनीचं नाव, आणि बँकेची साडेचार वर्षं खाली दोन ओळींत. तिला दोष कसा देणार? बाजार फिनिश विचारतो, म्हणून ती फिनिश वर लिहिते. पॅनेलवरच्या इतरांनी पाऊण तास त्या सात महिन्यांबद्दलच विचारलं. शेवटी बँकेचा विषय निघाला तेव्हा तिचं बोलणं बदललं. वाक्यं लांब झाली, हात हलायला लागले, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलं की ही मुरलेली आहे कुठे. तिला नोकरी मिळाली. पण कारणांच्या रकान्यात नोंद झाली ती नामांकित कंपनीच्या अनुभवाची.

त्या बँकेचं नाव कुठे आलं नाही. बर्बनच्या पिंपाचंही असंच होतं. चार-पाच वर्षं सांभाळणारं ते, आणि बाटलीवर नाव दुसऱ्याचं.

*

सांगण्याचा हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा नाही. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. दारूत मिथेनॉल होतं. अंधेरीतल्या ज्या घरी आम्ही शेरी आणि पोर्ट ओळखण्याचा खेळ खेळतो तिथून मालवणी रिक्षाने तासाभराच्या आत आहे. तिथल्या पिणाऱ्यालाही एकच गोष्ट कळायला हवी होती: यात काय आहे आणि हे कुठून आलं. ते विचारायची सोय नव्हती, कारण त्या दारूवर नावच नव्हतं. माझ्यासाठी लेबलाचा खरेपणा म्हणजे चवीचा प्रश्न आणि त्यांच्यासाठी तो जगण्याचा, हे अंतर मी पुसू शकत नाही. पण दोन्ही ठिकाणी मागणी तीच आहे. समोरच्याच्या हातात जे देतो आहोत त्याचा खरा प्रवास त्याला सांगणं, ही देणाऱ्याची जबाबदारी. ती मोठ्या गोष्टीत पाळायची असेल तर छोट्या गोष्टीत सैल सोडून चालत नाही.

पिंपाकडेही एकदा बघायला हवं, कारण या व्यवहारात ते झिजतं. व्हिस्कीवाले पिंपाला पहिल्या भरणीचं, दुसऱ्या भरणीचं, तिसऱ्या भरणीचं म्हणतात. प्रत्येक भरणीला त्याच्याकडे द्यायला कमी उरतं. पहिल्या भरणीत ते व्हिस्कीवर आपली छाप मारतं, कधी इतकी की जव कुठे गेले ते कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या भरणीपर्यंत लाकूड दमलेलं असतं. त्याला वास नाही, रंग नाही. ते फक्त हवा आत येऊ देतं आणि वेळ देतं. त्यातली व्हिस्की फिकट दिसते, पण जवाची चव सर्वांत स्पष्ट लागते ती त्यातच. काही जण म्हणतात असं पिंप निकामी झालं. काही जाणकार मुद्दाम त्यातली व्हिस्की शोधतात.

मला वाटतं शिक्षकांचं आणि आईबापांचं असंच काहीसं होत असावं. थोरल्या भावंडाला पहिल्या भरणीचे आईबाप मिळतात: नियम, शिस्त, वास भरपूर. धाकट्याला तिसऱ्या भरणीचे. तो लाडावला असं सगळे म्हणतात. खरं तर त्याला त्याच्या स्वतःच्या प्रकृतीने वाढायला जागा जास्त मिळालेली असते. मी थोरला आहे, त्यामुळे हे म्हणताना मला थोडा हेवा वाटतो, पण निरीक्षण खरं असावं.

*

तर चव कुणाची? माझं उत्तर असं. जे आपल्यात आलं त्याच्याशी आपला व्यवहार होऊन तिसरंच काही तयार झालं असेल, तर ती चव आपली, मग मूळ कुठलंही असो आणि काळ कितीही कमी असो. सहा महिने लाभलेला एखादा शिक्षकही असा बदल घडवतो. जे नुसतं आपल्यात मिसळलं आहे, तेही आपल्याजवळ असायला हरकत नाही, फक्त ते मिसळलेलं आहे असं सांगावं. आणि आधीच्या पिंपांची नावं गाळू नयेत. एवढं पाळलं तर उसनं घेण्यात काही कमीपणा नाही, कारण न घेतलेलं असं कुणाकडे काहीच नाही.

अमृतची 'इंटरमीडिएट शेरी' नावाची एक व्हिस्की आहे. तिच्या बाबतीत शेरीचं पिंप शेवटी येत नाही, मध्ये येतं. सुरुवात बर्बनच्या आणि कोऱ्या ओकच्या पिंपांत, मग शेरी, आणि मग पुन्हा बर्बनची पिंपं. शेरीने जे दिलं ते घेऊन व्हिस्की पुन्हा साध्या लाकडात जाते आणि तिथे काही काळ राहते. तिला फिनिश म्हणता येत नाही, कारण शेवटचा शब्द शेरीचा नाही. मित्राकडच्या खेळात ती समोर आली तेव्हा मनुकांचा वास आला, पण तो वर तरंगत नव्हता. खोबरं, मसाला आणि मनुका यांतलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही. बाटली पालथी करून मागचं लेबल वाचलं. तिथे तिन्ही टप्पे ओळीने छापलेले होते.